पायाच्या करकरीवरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न असा आहे: इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींच्या 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट' या चित्रपटात गॅरेजवर काम करणारा वाहीद एका माणसाच्या कृत्रिम पायाची करकर ऐकतो आणि तुरुंगात आपला छळ करणारा तो हाच, असं ठरवून टाकतो. नुसत्या आवाजावरून, तेही इतक्या काळानंतर, माणूस ओळखता येतो का? आणि शेवटी येणारा आवाज खरा समजायचा की वाहीदचा भास?

मी सव्वीस वर्षं चित्रपटांच्या ध्वनीचं काम करते आणि त्यातली निम्मी वर्षं शिकवतेही आहे. पावलं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचाच आहे आणि उत्तर लांबणार आहे. शेवटाबद्दलही लिहावं लागेल, म्हणून ज्यांना चित्रपट कोरा पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून यावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. माणूस आवाजावरून ओळखता येतो, अगदी हाडामासापर्यंत ओळखता येतो, आणि तरीही ती ओळख चुकीची असू शकते. ओळखणाऱ्याला आतून दोन्ही वेळा सारखंच वाटतं. पनाहींनी सगळा चित्रपट या एका फटीत उभा केला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. रात्रीच्या वेळी एक माणूस गरोदर बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडी चालवतो आहे. अंधारात एक कुत्रं गाडीखाली येतं. मुलगी हादरते, आई तिची समजूत घालते की हा नुसता अपघात होता. (फारसी नावाचा अर्थ 'एक साधा अपघात', त्यातला 'सादे' म्हणजे आपल्या सादा कागदातला 'सादा'च.) पुढे गाडी बिघडते, दुरुस्तीसाठी थांबावं लागतं, आणि तिथं त्या माणसाचा पाय वाजतो. थकलेल्या पगारासाठी तोंड उघडलं म्हणून वाहीद तुरुंगात गेला होता. तिथल्या मारानं त्याची मूत्रपिंडं कायमची दुखावली. अजूनही तो कमरेवर हात धरून चालतो. दुसऱ्या दिवशी तो त्या माणसाला उचलतो, शहराबाहेरच्या माळावर खड्डा खणतो आणि त्याला जिवंत पुरायला निघतो. खड्ड्यातला माणूस गयावया करतो, मी तो नव्हेच म्हणतो, पायाच्या जखमा अलीकडच्या आहेत, बघ म्हणतो. वाहीदचा हात थांबतो. मग त्याला व्हॅनमधल्या मोठ्या पेटीत कोंबून तो जुन्या कैद्यांचा शोध घेत निघतो. लग्नाचे फोटो काढणारी शिवा (फारसीत हे मुलीचं नाव आहे), लग्नाच्या पांढऱ्या झग्यातली गोली, तिचा होणारा नवरा अली आणि सदा डोक्यात राख घालून असलेला हमीद असे एकेक जण व्हॅनमध्ये चढत जातात. अली सोडला तर सगळ्यांना विचारायचं एकच: आपला छळ करणारा इक्बाल तो हाच ना? आणि सगळ्यांची अडचणही एकच. त्या दिवसांत सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती.

आता कानाकडे येते.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट करायला लावते. वर्गाबाहेरच्या बोळात भिंतीकडे तोंड करून बसायचं, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि मागून जाणाऱ्या पावलांवरून माणूस सांगायचा. पहिल्या दिवशी कुणालाच काही येत नाही. फार तर चप्पल की बूट, एवढं कळतं. दोन आठवडे रोज वीस मिनिटं हे केलं की चित्र पालटतं. कोण टाच आधी टाकतं, कुणाचा डावा पाय घासतो, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कोण हलकी उडी घेतं, सगळं कळायला लागतं. चहाचा ट्रे घेऊन येणारे मामा तर दहा पावलं लांबूनच ओळखू येतात, कारण कप हलू नयेत म्हणून त्यांची चाल ट्रेबरोबर बदलते. मुलं हरखून जातात. पंधराव्या दिवशी मी गुपचूप सगळ्यांच्या चपला बदलते. आणि जवळजवळ सगळे चुकतात. चुकतात याचं मला काही नाही; ज्या खात्रीनं चुकतात ते ऐकण्यासारखं असतं. आदल्या दिवशी बरोबर नाव घेताना जो आवाज होता, त्याच आवाजात चुकीचं नाव घेतात.

म्हणजे कानानं चप्पल ओळखली होती. माणूस तिच्यात घालून टाकला होता मनानं.

आपल्याकडे करकर वाजणारी कोल्हापुरी मुद्दाम बनवून घेत. गावात पाटील आला हे पाटलाच्या आधी त्याच्या पायताणानं सांगायचं, आणि वाड्यावरची मंडळी पदर-टोप्या सावरायची. कातड्याच्या दोन थरांची ती करकर अधिकाराची खूण होती, म्हणून ती हवी असायची. इक्बालच्या पायाची करकर कुणी मुद्दाम केलेली नाही, पण कोठडीतल्या माणसासाठी काम तेच करते: तो यायच्या आधी त्याची भीती येते. फोलीवाल्यांना हे ठाऊक असतं. (पडद्यावरच्या पावलांचे, कपड्यांचे, भांड्यांचे आवाज स्टुडिओत पुन्हा करून घेतात त्याला आम्ही फोली म्हणतो.) माणसाला भीतिदायक करायचा तर त्याची पावलं मोठी करून चालत नाही. त्यांना एक बारीक खोड द्यावी लागते आणि ती दर पावलाला त्याच जागी यावी लागते. मग प्रेक्षक पुढच्या पावलाची वाट बघायला लागतो. भीती तिथं असते, दोन पावलांच्या मधल्या जागेत.

कृत्रिम पायाचा आवाज करायचा झाला तर आधी तो वाजतो का, हे समजून घ्यावं लागतं. मी एका चित्रपटासाठी हे केलं आहे. पाय बसवून देणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत दोन दिवस माइक धरून बसले होते. आवाजाची उगमस्थानं मुख्यतः दोन. उरलेला पाय ज्या साच्यात बसतो, तो सैल झाला की आत हवा शिरते आणि वजन पडलं की ती बाहेर निघते; तो आवाज ओलसर, पिचकारीसारखा. दुसरा पावलाचा: बाहेरचं रबरी आवरण आणि आतला भाग एकमेकांवर घासतात, तेव्हा येणारी ती कोरडी करकर. तो कारागीर नुसतं ऐकून सांगायचा की साचा सैल झालाय की पाऊल. पण माणूस कोण, हे त्याला त्यावरून सांगता आलं नसतं. त्याच्याकडे तशी करकर घेऊन रोज कुणी ना कुणी यायचं. इराणमध्ये तर १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं इराकशी युद्ध चाललं आणि सुरुंगांनी, तोफगोळ्यांनी हजारो माणसांचे पाय नेले. त्या देशात करकरणारा पाय ही एकाच माणसाची खूण असू शकत नाही. चित्रपटातल्या इक्बालनं पाय सीरियात गमावलेला आहे. वाहीदला हे सगळं कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर तो खड्ड्याच्या काठावर थांबतो.

कानाच्या साक्षीचा जुना दाखला अमेरिकेतला आहे. विमानोड्डाणामुळे जगभर नाव झालेल्या चार्ल्स लिंडबर्गचं तान्हं मूल १९३२ च्या मार्चमध्ये पळवलं गेलं. खंडणी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका दफनभूमीत रात्री दिली गेली. लिंडबर्ग लांब गाडीत बसला होता आणि त्याच्या कानावर मध्यस्थाला मारलेली एक हाक पडली, दोन-तीन शब्दांची. जवळजवळ तीन वर्षांनी, १९३५ च्या जानेवारीत, त्यानं न्यायालयात शपथेवर सांगितलं की तो आवाज आरोपी ब्रूनो हाउप्टमनचाच. इतर पुरावाही होता. हाउप्टमनला १९३६ मध्ये मृत्युदंड झाला. पण त्या साक्षीमुळे फ्रान्सेस मॅगेही या मानसशास्त्रज्ञ बाईंना प्रश्न पडला की असं ओळखता येतं तरी का. त्यांनी पडद्याआडून एक उतारा वाचून घेतला आणि नंतर पाच आवाजांतून तो आवाज ओळखायला सांगितला. १९३७ मध्ये छापून आलेले त्यांचे आकडे असे: एका दिवसानं शंभरातले ८३ ऐकणारे बरोबर होते, पाच महिन्यांनी १३. पाच आवाजांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २० बरोबर यायला हवेत!

हे आकडे वाहीदच्या विरुद्ध जातात, पण पूर्ण नाही. मॅगेहींच्या ऐकणाऱ्यांनी तो आवाज एकदाच ऐकला होता, आरामात बसून, आणि तो लक्षात ठेवण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. कोठडीतला माणूस तीच पावलं महिनोन् महिने ऐकतो. ती माझ्या दाराशी थांबणार की पुढे जाणार, यावर त्याची रात्र अवलंबून असते. असं ऐकणं वेगळं असतं. ते आठवणीत राहत नाही, अंगात राहतं.

आमच्या शेजारी एक काका होते. आणीबाणीत मिसाखाली दीड वर्ष आत होते. त्यांना मारहाण झाली नव्हती, तसं ते आवर्जून सांगायचे. पण रात्रपाळीचा एक पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटत यायचा आणि त्याच्या फेरीनंतर बऱ्याचदा कुणाला तरी दुसरीकडे हलवलेलं असायचं. काका सुटून आले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. माझ्या लहानपणी त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर घराच्या किल्ल्या असायच्या त्या हातरुमालात गुंडाळलेल्या, गाठ मारून. कपाटाची किल्ली हवी तर आधी गाठ सोडायची, काम झालं की पुन्हा बांधायची. काकू एका हातानं ती गाठ सोडायच्या, इतकी सवय झालेली. काकांना आपण विचारलं असतं की तो पहारेकरी आज दिसला तर ओळखाल का, तर ते म्हणाले असते चेहरा कुठं पाहिलाय नीट. जुडगा ओळखला असता.

ऐकण्याची ही ताकद पुराव्यासाठी कशी वापरता येते, याचं माझ्या क्षेत्रातलं मला माहीत असलेलं सर्वांत गंभीर काम सीरियातल्या सायदनाया तुरुंगावर झालं. दमास्कसच्या उत्तरेला हा लष्करी तुरुंग होता. आत पत्रकार नाहीत, कुठली तपासणी नाही, आणि कैद्यांना अंधारात किंवा डोळे बांधून ठेवत. २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि लंडनच्या फोरेन्सिक आर्किटेक्चर या गटानं तिथून सुटलेल्या काही जणांना इस्तंबूलमध्ये भेटून तुरुंगाचं चित्र उभं केलं, आणि त्यातला आवाजाचा भाग लॉरेन्स अबू हमदान या ध्वनिकलाकारानं पाहिला. तो कैद्यांना वेगवेगळ्या पातळीचे, वेगवेगळ्या घुमाऱ्याचे आवाज ऐकवायचा आणि विचारायचा, दार आपटलं तेव्हा असं घुमायचं का? बोळ एवढा लांब वाटायचा का? अशा घुमाऱ्यांवरून खोल्यांची आणि बोळांची मापं बांधत गेले. कोठडीत एकमेकांशी किती हळू कुजबुजायचात, हेही त्यानं मोजून घेतलं. २०११ च्या, म्हणजे सीरियातल्या उठावाच्या, आधीचे कैदी आणि नंतरचे कैदी यांच्या कुजबुजीत १९ डेसिबलचा फरक निघाला. माझ्या भाषेत सांगायचं तर कुजबुजीचा ध्वनिदाब नवव्या हिश्शावर आला होता. तुरुंगात काय वाढलं होतं, हे त्या उतरलेल्या कुजबुजीनं सांगितलं.

पण बघा, तिथंही आवाजानं जागा सिद्ध केली, परिस्थिती सिद्ध केली. एखाद्या माणसाचं नाव सिद्ध करायचं तर नुसता कान पुरत नाही.

पनाहींना हे नेमकं कळलेलं आहे, आणि इथं मला हा चित्रपट फार मोठा वाटतो. त्यांनी प्रत्येक साक्षीदाराला वेगळं इंद्रिय दिलं आहे. वाहीदकडे कान. शिवा त्याच्या घामाच्या वासावर जाते. हमीद पेटीतल्या बेशुद्ध माणसाचा पाय हातानं चाचपतो. तुरुंगात त्याला तो पाय आणि त्यावरचे व्रण हातानं चाचपायला लावलेले असतात. आपल्याकडच्या ओळख परेडीत साक्षीदार रांगेसमोर उभा राहतो आणि चेहऱ्याकडे बोट दाखवतो. ही परेड उलटी आहे: माणूस एकच, साक्षीदार अनेक, आणि चेहरा कुणीच पाहिलेला नाही. तीन इंद्रियांच्या तीन खात्र्या एकत्र केल्या तर एक सत्य व्हायला हवं ना? होत नाही. हमीद म्हणतो हाच, आत्ता संपवा. शिवाला खात्री वाटते आणि तरी ती अडते. ज्याच्यापाशी वाहीद आधी जातो तो सालार तर यात पडायलाच नकार देतो. मला हे सगळे वाद खरे वाटले, कारण भांडणारे मुद्द्यावर भांडत नाहीत. प्रत्येक जण आपल्या अंगाला काय माहीत आहे ते दुसऱ्याला देऊ पाहतो आणि ते देता येत नाही.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. १९८८ साली इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिलं गेलं. त्यातल्या कराजजवळच्या गोहरदश्त तुरुंगातला एक अधिकारी म्हणून हमीद नूरी या माणसाला स्वीडननं २०१९ मध्ये विमानतळावर अटक केली. स्टॉकहोममध्ये खटला चालला. त्याचा बचाव साधा होता: तुम्ही म्हणता तो अब्बासी मी नाही, तुमची माणूस ओळखण्यात चूक होते आहे. आणि समोर डझनावारी साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांवर तेव्हा पट्टी होती. कुणी पट्टीखालच्या फटीतून पाहिलं होतं, कुणाला आवाज आठवत होता. काही साक्षीदार अल्बेनियात राहत होते म्हणून न्यायालय काही दिवस तिकडे गेलं. प्रत्येकाला वकिलांनी खोदून खोदून विचारलं: फट केवढी होती, कुठल्या बाजूनं दिसलं, हे आधी का सांगितलं नाही. २०२२ च्या जुलैत जन्मठेप झाली. (२०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो इराणला परत गेला, हेही त्याच कथेचा भाग.) वाहीदच्या व्हॅनमध्ये नेमकं हेच नाही: उलटतपासणी करणारं कुणी नाही, वेळ नाही, एकमेकांपासून वेगळे बसलेले साक्षीदार नाहीत. एकानं नाव घेतलं की दुसऱ्याच्या कानाला तेच ऐकू यायला लागतं. माझ्या बोळातल्या मुलांचंही तसंच होतं. पहिल्यानं मोठ्यानं नाव घेतलं की बाकीच्यांची खात्री वाढते. म्हणून मी आता नावं कागदावर लिहून घेते.

आता झाडाखालचा प्रसंग. रात्र, माळ, झाडाला बांधलेला इक्बाल, डोळ्यांवर पट्टी, गाडीच्या मागच्या दिव्यांचा लाल उजेड. कॅमेरा त्याच्यावर रोखलेला राहतो. वाहीद आणि शिवा चौकटीत येतात, बाहेर जातात. दृश्य लांब आहे, कापलेलं नाही. मी ते दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मुद्दाम डोळे मिटून घेतले. चौकटीबाहेर गेलेली शिवा कुठे उभी आहे, हे आवाजावरून शोधावं लागतं. म्हणजे आपण इक्बालच्या जागी बसलेलो असतो, पट्टी बांधून, आता कुठून काय येईल याचा कानांनी अंदाज घेत. इतका वेळ जे या माणसांनी आपल्याला सांगितलं, ते इथं आपल्याच अंगावर येतं, आणि येतं ते छळणाऱ्याच्या जागेवरून. आधी तो दमदाटी करतो, मग फुटतो, कबूल करतो, रडतो. ओळखीचा प्रश्न सुटला, असं वाटतं.

पण कबुली कशी मिळाली? बांधून, डोळे झाकून, मरणाची भीती घालून. याच पद्धतीनं या सगळ्यांकडून कधी काळी कबुल्या काढल्या होत्या. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या कायद्यात ते होतं आणि आताच्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. कोठडीत माणूस काहीही कबूल करतो, हे तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. मला स्वतःला वाटतं की तो इक्बालच आहे. त्याच्या कबुलीत असे तपशील आहेत जे दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत. पण ही खात्री मला ज्या वाटेनं मिळाली ती वाट मला मान्य नाही, आणि पनाहींनी मला तिथं आणून सोडलं आहे.

हे त्यांना कुठून आलं, ते लपून राहिलेलं नाही. २०१० मध्ये त्यांना अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा आणि वीस वर्षं चित्रपट करायला बंदी ठोठावली गेली. त्या बंदीतही ते लपूनछपून चित्रपट करत राहिले. २०२२ च्या जुलैत, अटक झालेल्या सहकारी दिग्दर्शकांची चौकशी करायला गेले असता त्यांनाच आत टाकलं. २०२३ च्या फेब्रुवारीत उपोषण सुरू केल्यावर सुटका झाली. चौकशीच्या वेळी पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि मागून प्रश्न यायचे, हे त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. मागे बसलेल्या आवाजाचं वय काय असेल, बाहेर कधी कानावर पडला तर ओळखू येईल का, असे विचार त्या खुर्चीवर बसलेल्याला येणारच. हा चित्रपटही सरकारी परवानगीशिवाय केला. २०२५ च्या मे महिन्यात त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला, तेव्हा पनाही स्वतः तिथं होते, आणि मग तेहरानला परतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ते परदेशात असताना, त्यांच्या गैरहजेरीत एक वर्षाची नवी शिक्षा सुनावली गेली.

लपून चित्रीकरण करताना आवाजाचं काय होतं, हे थोडं सांगायला हवं. रस्ता थांबवता येत नाही, बघ्यांना गप्प बसवता येत नाही, पुन्हा पुन्हा टेक घेत उभं राहता येत नाही. व्हॅन चालू असेल तर इंजिनाची घरघर प्रत्येक वाक्याखाली राहणार. बाकी कुठल्याही चित्रपटात मी ती पुसायला बसले असते. इथं मी तिला हात लावला नसता. त्या घरघरीमुळे पेटीतला माणूस ऐकू येत नाही, म्हणून व्हॅन थांबली, इंजिन बंद झालं की पोटात गोळा येतो: आता तो हलला तर ऐकू येईल. तेल संपून ती व्हॅन ढकलायची वेळ येते, तेव्हा पांढऱ्या झग्यातली नवरी भर शहरात गाडीला खांदा लावते. पहारेकरी चिरीमिरी मागतात आणि रोख नाही म्हटल्यावर कार्डाचं यंत्र पुढे करतात. थिएटरात लोक हसले, मीही हसले.

आणि इक्बालच्या खिशातला फोन वाजतो. पलीकडे त्याची लहान मुलगी. आई पडली आहे, उठत नाही. ज्यांनी या माणसाला पुरायचं ठरवलं होतं, तेच त्याच्या बायकोला दवाखान्यात नेतात. बाळ होतं, आणि वाहीद पेढे वाटावेत तशी मिठाई आणून दवाखान्यातल्यांना देतो. मुलगी शत्रूची, तरी तिचा आवाज ऐकल्यावर फोन ठेवून देणं यांतल्या कुणाला जमत नाही. ज्या कानानं वाहीद इक्बालला ओळखतो, त्याच कानानं त्याच्या मुलीचं रडणं ऐकतो.

तर शेवट. वाहीद आपल्या घरापाशी आहे, दिवसाचा उजेड आहे, सामानाची हलवाहलव चालली आहे. आणि मागून ती करकर येते. तो गोठतो. कॅमेरा त्याच्या पाठीमागे आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि जो येतो आहे तोही दिसत नाही. पुढे आवाजाचं काय होतं, ते मी इथं लिहीत नाही. पुन्हा पाहाल तेव्हा नीट कान लावा, पडदा काळा झाल्यावरही.

खरा की भास? ध्वनीच्या कामात भास दाखवायच्या ठरलेल्या युक्त्या आहेत. आजूबाजूचे आवाज हळूहळू उतरवतात, मधल्या आवाजाला थोडा घुमारा देतात, कधी तो पाण्याखालून आल्यासारखा करतात. प्रेक्षकाला कळतं की हे डोक्यातलं आहे. त्या दृश्यात मला यांतलं काही ऐकू आलं नाही. संगीतही नाही. करकर घराबाहेरच्या साध्या आवाजांमध्येच येते, गॅरेजात आली होती तशीच. मला हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला वाटतो. इक्बाल खरोखर मागे उभा असेल तर आवाज असाच येणार, आणि वाहीदला भास होत असेल तरी त्याच्या कानाला तो असाच येणार. घुमारा बिमारा त्यात नसणार. काकांना रस्त्यावर कुणाच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या की त्या खऱ्याच वाजलेल्या असायच्या.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी एका बाजूनं उत्तर देणार नाही. तो परत आलेला असेल तर का आला, हा प्रश्न आहे. त्यांनी त्याला जिवंत सोडलं, त्याच्या बायकोला दवाखान्यात पोचवलं. तो आभार मानायला आला असेल, नाहीतर घर बघून ठेवायला. त्या पावलांमध्ये दोन्ही बसतं. पावलांवरून हेतू ओळखता येत नाही, हे तर बोळात बसणाऱ्या माझ्या पहिल्या आठवड्यातल्या मुलांनाही माहीत असतं.

दुसऱ्यांदा मी हा चित्रपट मागच्या रांगेत बसून पाहिला. शेवटच्या दृश्यात पडदा सोडून प्रेक्षकांकडे बघत होते; आमच्या धंद्यातली ही जुनी सवय. करकर सुरू झाली तेव्हा एक मुलगा अर्धवट उठला होता, तो तसाच परत बसला. दोघा-तिघांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. माझ्या पुढे एक वयस्क बाई एकट्याच आल्या होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी आवाज न करता उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली, दिवे लागेपर्यंत.